तिसऱ्या खेपेला हिरवं

इमारतीतल्या लोकांच्या नजरेत ती पहिल्यांदा भरली ती लिफ्टच्या दारावरच्या चिठ्ठीमुळे. लिफ्ट बंद पडली की पहारेकरी दारावर एक कागद चिकटवायचा, ‘लिफ्ट बंद आहे.’ वर्षानुवर्षं तोच कागद. सुरू झाली की काढायचा, बंद पडली की लावायचा. तिसऱ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं आणि त्याच आठवड्यात त्या कागदावर बारीक, सरळ अक्षरात तीन ओळी उमटल्या. ‘केव्हापासून? कोणाला कळवलं? कधी येतो म्हणाला?’ प्रत्येक प्रश्नापुढे उत्तरासाठी रेघ, आणि ती पट्टीने आखलेली.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याने पहिल्या रेघेवर ‘सोमवार’ असं लिहिलं. दुसरी रेघ भरायला गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की कोणाला कळवलेलंच नाही. मग त्याने कळवलं, आणि दुरुस्तीवाला त्याच दिवशी आला.

चाळिशी उलटलेली, किडकिडीत, खांद्यावर एक जड पिशवी. चपला पायात सरकवता सरकवता किल्ली शोधणारी आणि किल्ली शोधता शोधता फोनवर बोलणारी. जिन्यात कोणी भेटलं तर आपुलकीने चौकशी करायची, पण एक पाय पुढच्या पायरीवर ठेवून. ‘बसा ना’ म्हटलं तर ‘हो, हो’ म्हणायची आणि उभीच राहायची. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणायचा, आमच्या घरात खुर्च्या सहा आणि बसणारे अडीच. मी, आई, आणि ही अर्धी.

ती एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. नवऱ्याला कोणी विचारलं की बायको काय करते, तर तो ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर सुटका करून घ्यायचा, कारण पुढचं सांगायचं म्हणजे अवघड. ती स्वतः सॉफ्टवेअर लिहीत नव्हती. लिहिणारे वेगळे, तपासणारे वेगळे. शाळेत परीक्षा असते तेव्हा मुलं पेपर लिहितात, मास्तर तपासतात. पण गठ्ठे मोजले का, बेरीज दुसऱ्याने पाहिली का, एखादी पुरवणी सुटी राहून गेली नाही ना, हे बघणारं आणखी एक माणूस लागतं. निकाल चांगला लागला तर त्याचं नाव कोणी घेत नाही आणि घोटाळा झाला तर दुसऱ्या कोणाचं घेत नाही. तिचं काम ते. कचेरीत तिला ‘चाळणी’ म्हणत. मागे म्हणत असत तोवर तिला वाईट वाटायचं. तोंडावर म्हणायला लागले तेव्हा वाटेनासं झालं.

गेली दोन वर्षं ज्या कामाची ती राखणदार होती ते इस्पितळांचं होतं. अकरा इस्पितळं, आणि प्रत्येक वॉर्डात खाटेच्या पायथ्याशी लटकणारा औषधांचा कागदी तक्ता. कोणतं औषध, किती वाजता, कोणी दिलं. तो तक्ता जाऊन त्याच्या जागी प्रत्येक परिचारिकेच्या हातात एक छोटी स्क्रीन यायची होती. तीन मजल्यांवर नव्वद माणसं त्यासाठी राबत होती. शेवटी एका पानावर तिची सही झाली की माल बाहेर पडणार. ती सही शुक्रवारी व्हायची होती.

तिच्याकडे एक यादी होती, एकशे ऐंशी कलमांची. बाहेरच्याला ती कंटाळवाणी वाटावी, पण प्रत्येक कलम कुठल्या ना कुठल्या फजितीच्या पोटी जन्मलेलं. सतरावं कलम एका लांबलचक आडनावाच्या रुग्णामुळे, ज्याचं नाव स्क्रीनवर अर्धंच मावलं आणि तो दुसराच कोणी झाला. एक्केचाळिसावं लीप वर्षातल्या एकोणतीस फेब्रुवारीमुळे. ती यादी वाचताना तिला एकेक जुना चेहरा दिसायचा, घाम पुसणारा.

आणि एक नियम होता, जो यादीत नव्हता पण सगळ्यांच्या तोंडी होता. त्याला ‘तीनचा नियम’ म्हणत. सॉफ्टवेअर बरोबर चालतं का हे पाहायला चार हजारांवर टेस्ट होत्या. मशीन त्या रात्रभर आपोआप चालवायचं आणि सकाळी निकाल लावायचं. पास झालेली हिरवी, नापास झालेली लाल. पण कित्येकदा लाल झालेल्या टेस्टमध्ये खोट काहीच निघायची नाही. नेटवर्क मंद होतं, मशीनवर गर्दी होती, एवढंच. त्या खोट्या लाल रंगामागे माणसं दिवसेंदिवस वाया जायची. तीन वर्षांपूर्वी नियम आला की लाल झालेली टेस्ट मशीनने आपणहून पुन्हा चालवावी, तीन खेपांपर्यंत. त्यात एकदा जरी हिरवी झाली तरी हिरवी धरावी. लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तिच्या सगळ्या नियमांत लोकांना मनापासून आवडलेला हा एकच. हो, तोही तिचाच होता. कितव्या खेपेला हिरवी झाली हे सांगणारा रकानाही निकालपत्रात होता, पण तो पसारा वाटून तिनेच झाकून टाकला होता.

सोमवारी सकाळी निकालपत्र पूर्ण हिरवं आलं. प्रकल्पप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाले की आता चाळणीतून पडायला काही उरलं नाही. ते भले गृहस्थ होते. अकरा इस्पितळांतल्या बाराशे परिचारिकांचं शिक्षण झालं होतं, सुट्ट्या रद्द केल्या होत्या, तारीख आधीच दोनदा पुढे गेली होती आणि तिसऱ्यांदा तोंड दाखवायला त्यांना जागा नव्हती. जाता जाता त्यांनी हेही सुचवलं की हे पार पडलं की कंपनीच्या सगळ्याच प्रकल्पांची गुणवत्ता एका माणसाच्या हाती द्यायची आहे, आणि वर तिचं नाव गेलेलं आहे.

तिने हसून मान डोलावली, आणि ते गेल्यावर उठून पाणी प्यायला गेली. मग पुन्हा गेली. तहान नव्हती. चार हजार दोनशे बारा टेस्ट आणि एकही लाल नाही, हे तिला एखाद्या वर्गात सगळ्या मुलांना पैकीच्या पैकी पडल्यासारखं वाटत होतं. आनंद मानावा की कोण कोणाचं बघून लिहीत होतं ते पाहावं? दुपारपर्यंत तिने टेबलाचा खण दोनदा आवरला. शेवटी तिने तो झाकलेला रकाना उघडला.

बहुतेकींपुढे ‘१’ होता. काहींपुढे कधी २, कधी ३, आज हिला तर उद्या तिला, वाऱ्यावर पाचोळा उडावा तसं. पण एक टेस्ट होती, तेवीसशे सहा नंबरची. गेल्या साठ दिवसांपैकी एक्केचाळीस दिवस ती पहिल्या खेपेला नापास झाली होती आणि रोज न चुकता तिसरीपर्यंत पास. दोन परिचारिकांनी एकाच रुग्णाचा तक्ता एकाच वेळी उघडला, दोघींनी आपापली नोंद केली, तर दोन्ही नोंदी राहतात का, एवढंच ती विचारत होती.

तो भाग ज्याने लिहिला होता त्याला सगळे ‘दाढीवाला’ म्हणत. हुशार, आळशी आणि मनाचा निर्मळ. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली तसा तो न वळताच म्हणाला, “मॅडम, तुमची सावली स्क्रीनवर पडली की माझं टायपिंग चुकतं.”

तिने नंबर सांगितला. त्याने सांगितलं की ती जुनी खोडी आहे, नेटवर्कची. तिच्या समाधानासाठी त्याने ती टेस्ट एकटी चालवली. हिरवी. पुन्हा हिरवी. वीस वेळा चालवली, वीसही वेळा हिरवी.

“बघा,” तो म्हणाला. “तुमच्यासमोर कशी शहाण्यासारखी वागते.”

“माझ्यासमोर सगळेच शहाण्यासारखे वागतात,” ती म्हणाली. “माझी पाठ वळल्यावर काय करते ते सांग.”

तो मनात चरफडला असणार, पण त्याने तिला खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. मंगळवार असाच गेला. ती दाढीवाल्याच्या टेबलापासून आपल्या टेबलापर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत इतक्या फेऱ्या मारत होती की झाडलोट करणाऱ्या बाईने तिला थांबवून विचारलं, काही हरवलंय का. हरवलेलं असतं तर बरं झालं असतं. काय शोधायचं ते तरी कळलं असतं. लेखी पाहिलं तर सगळं नियमात बसत होतं. नियमाने टेस्ट हिरवी होती, नियमाने सही द्यायला हरकत नव्हती. सही नाकारायची तर हातात काय होतं? एक खोडकर टेस्ट आणि मनातली शंका. तेवढ्यासाठी नव्वद माणसांच्या मेहनतीपुढे आडवं पडायचं? आणि शंका असूनही सही केली, आणि कुठल्याशा खाटेवरच्या माणसाला एकच औषध दोनदा गेलं, तर?

बुधवारी सकाळी ती घाईघाईत निघाली आणि निम्मा जिना उतरल्यावर नवऱ्याने वरून हाक मारली. आई औषध घ्यायला तयार नाहीत म्हणाला. दारू प्यायला नकार देणारे पुष्कळ असतात, पण औषधाला नकार देणारी निवृत्त सिस्टर मी पहिल्यांदाच बघतोय, असंही वर म्हणाला. ती परत चढली.

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. उभी हयात त्यांनी वॉर्डात काढली होती आणि शेवटची अकरा वर्षं मोठ्या सिस्टर म्हणून. आता त्यांना स्वतःलाच पाच गोळ्या होत्या. स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी एक पुठ्ठा टांगला होता, त्यावर तक्ता, आणि दोऱ्याने बांधलेलं एक पेन. गोळी घेतली की खूण. आज दोरा नुसताच लोंबत होता. पेन सुनेच्या पिशवीत निघालं. काल फोनवर बोलताना काहीतरी टिपायला तिने ते दोऱ्यातून सोडवून घेतलं होतं आणि तसंच नेलं होतं.

“अहो आई, घरात दहा पेनं आहेत,” ती म्हणाली. “कुठल्याही पेनाने खूण केली असती.”

“नको,” सासूबाई म्हणाल्या. “दोऱ्याचंच.”

“पण का?”

सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं त्या कधीकाळी नव्या मुलींकडे पाहत असतील. मग सांगितलं. वॉर्डात प्रत्येक तक्त्याला एकच पेन असायचं, बांधलेलं. पाळी बदलताना जाणारी आणि येणारी अशा दोघी एकाच खाटेशी उभ्या असतात, दोघींनाही घाई. पण लिहायचं तर तक्ता हातात घ्यावा लागतो आणि पेन एकच. एकीचं होईपर्यंत दुसरीने थांबायचं. थांबता थांबता ती पहिलीने काय लिहिलं ते वाचते. त्या वाचण्यासाठीच तर ते होतं. एकदा एका उत्साही डॉक्टरने सगळ्यांच्या खिशाला पेनं लावली, आणि महिन्याभरात सिस्टरांनी ती काढून ठेवली.

“दोन पेनं झाली की दोन सिस्टर झाल्या,” सासूबाई म्हणाल्या. “पेशंटचं पोट मात्र एकच गं.”

तिने पेन दोऱ्याला बांधलं. सासूबाईंनी गोळी घेतली, खूण केली, आणि ती तिथेच उभी राहून त्या खुणेकडे बघत राहिली. बसला उशीर होतोय हे नवऱ्याने दोनदा सांगितलं. मग ती पळतच सुटली.

कचेरीत पोचताच तिने दाढीवाल्याला दोन स्क्रीन घेऊन बैठकीच्या खोलीत बोलावलं आणि धाप लागलेली असतानाच विचारलं की एकीने तक्ता उघडला तर तिच्या स्क्रीनवर खरा तक्ता येतो की त्याची नक्कल? नक्कल, तो म्हणाला. दुसरीकडे? दुसरी नक्कल. पहिलीने खूण केली तर ती दुसरीच्या नकलेवर दिसते? दिसते, थोड्या वेळाने. आणि त्या थोड्या वेळातच दुसरीने आपली नक्कल सेव्ह केली तर? दाढीवाला म्हणाला की त्यासाठी बंदोबस्त केलेला आहे. मग दाढी खाजवत म्हणाला, बहुतेक.

त्यांनी एकच रुग्ण दोन्ही स्क्रीनवर उघडला. ती झाली जाणारी परिचारिका, तिने औषध दिल्याची खूण करायची. तो येणारा, त्याने ताप लिहायचा. ‘एक, दोन, तीन’ म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं. पहिल्यांदा दोन्ही नोंदी राहिल्या. दुसऱ्यांदाही. काचेपलीकडून जाणारे लोक थांबून बघायला लागले. चाळिशीतली दोन माणसं पाटीवर खेळ मांडल्यासारखी बसली होती. तिच्या बाबतीत अर्धवट बसली होती. एक गुडघा खुर्चीवर. सातव्यांदा तो म्हणाला, पुरे ना आता. ती म्हणाली, एक, दोन, तीन.

अकराव्या खेपेला तिची खूण गेली. ताप होता, शंभर पॉइंट दोन. औषधापुढे लिहिलेलं होतं: ‘द्यायचे बाकी.’

दाढीवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याने आपणहून उलगडा केला. रात्री चार हजार टेस्ट एकदम चालतात तेव्हा मशीनवर गर्दी असते आणि दोन नोंदी एकमेकींवर आदळतात. पुन्हा चालवताना ती टेस्ट एकटीच असते, रस्ता मोकळा, म्हणून हिरवी.

“वॉर्डात रस्ता मोकळा कधी असतो?” तिने विचारलं.

गुरुवारच्या बैठकीला सगळे विभागप्रमुख होते. तिने जे पाहिलं ते सांगितलं, दोन स्क्रीन टेबलावर ठेवून. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी समजुतीने सुचवलं की उद्या माल जाऊ द्यावा, दुरुस्ती महिन्याभरात मागाहून पाठवू. तोवर हे व्हायची शक्यता लाखात एक.

“अकरात एक, सर,” ती म्हणाली. “काल मोजली.”

कोणीतरी खाकरलं. सरांनी पेन्सिल टेबलावर उभी धरली, आडवी ठेवली. मग विचारलं की साठ दिवस ही टेस्ट अडखळत होती तर कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. प्रश्न दाढीवाल्याकडे बघून होता, आणि तो तोंड उघडणार इतक्यात ती उभी राहिली. म्हणजे उभी होतीच, फक्त एक पाऊल पुढे आली.

“तीनचा नियम माझा आहे,” ती म्हणाली. “आणि तो रकानाही मीच झाकला होता. त्याने चूक केली, ती टेस्टने पकडली. टेस्टचं तोंड मी बंद केलं. सही मी करणार नाही.”

त्यानंतर खोलीत जे बोलणं झालं ते तारखांचं होतं, आणि त्यात तिला कोणी काही विचारलं नाही.

तारीख पाच आठवडे पुढे गेली. तीनचा नियम त्याच दिवशी रद्द झाला आणि झाकलेला रकाना उघडा झाला. त्यात अशाच आणखी दोन टेस्ट सापडल्या, एक किरकोळ, एक नाही. पण खोटे लालही परत आले, त्यामागे माणसं पुन्हा वाया जाऊ लागली, आणि ज्या लोकांनी तिला त्या नियमासाठी दुवा दिला होता तेच जेवणाच्या टेबलावर ती आली की ताटं घेऊन उठायला लागले. सगळ्या प्रकल्पांची गुणवत्ता दुसऱ्या एका गृहस्थाच्या हाती गेली. तो चांगला आहे, ती म्हणते. फक्त त्याच्या निकालपत्रात लाल-हिरव्याच्या मधले रंग फार आहेत.

नवऱ्याला हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं. बढती गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याने दुकानातून येताना एक मोठं भिंग आणलं आणि तिला दिलं, धंद्याला उपयोगी पडेल म्हणून. ती हसली, मग डोळे पुसले, मग भिंग स्वच्छ पुसून खणात ठेवलं. सासूबाईंना कोणी फारसं काही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की सॉफ्टवेअरला आता दोरा बांधला का. बांधला, सून म्हणाली. आता एकीने तक्ता उघडला की दुसरीला थांबावं लागतं, आणि पहिलीने काय लिहिलं ते आधी वाचावं लागतं. मुली कुरकुर करतील, सासूबाई म्हणाल्या. करतातच आहेत, ती म्हणाली.

सहा महिने झाले त्याला. तिची यादी आता एकशे एक्क्याऐंशी कलमांची आहे. शेवटचं कलम एवढंच, की पाळी बदलताना वॉर्डात जाऊन स्वतः पाहायचं. दर मंगळवारी सकाळी, पाळी बदलायच्या वेळी, ती त्या अकरांपैकी एका इस्पितळात जाते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात दाराशेजारी दोन तास उभी राहून परिचारिका काय करतात ते बघते.